गिमवीचा कृमी आणि कर्करोगाचा प्रश्न

परजीवीशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव सापडतं. गिमवी, तालुका गुहागर. रत्नागिरी शहरातल्या आमच्या मांडवीहून जायचं तर जयगडला गाडी फेरीबोटीत घालायची, तवसाळला उतरायचं आणि शृंगारतळीचा रस्ता धरायचा. माणसाच्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहणाऱ्या एका कृमीची लागण या गावात स्थानिक पातळीवर होते आहे, असं आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलं. कृमीचं नाव शिस्टोसोमा हिमॅटोबियम. आफ्रिकेत नाईलच्या खोऱ्यापासून टांझानियापर्यंत तो गावोगाव आहे. भारतात मात्र त्याची स्थानिक लागण म्हणून जे एक ठिकाण सतत सांगितलं जातं ते गिमवीच.

पुढे १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. म्हणजे 'कृमीमुळे कर्करोग होतो का' हा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ परदेशातला नाही. त्याचं एक टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. दर फेब्रुवारीत शाळा-अंगणवाड्यांतून जंताच्या गोळ्या वाटल्या जातात तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रूपात कानावर येतोच: जंत झाले तर पुढे कॅन्सर होतो म्हणतात, ते खरं का? त्याचं उत्तर आधी देतो आणि मग मूळ वादाकडे वळतो.

यादीत कोण आहे

पहिल्या गटात कृमी तीनच. मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला शिस्टोसोमा हिमॅटोबियम, आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाशी जोडलेले दोन यकृतकृमी: थायलंड-लाओसकडचा ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी, चीन-कोरियाकडचा क्लोनॉर्किस सायनेन्सिस. पहिला आणि दुसरा १९९४ पासून तिथे आहेत. क्लोनॉर्किसला तेव्हा 'बहुधा' असा शेरा मिळाला होता. २००९ च्या फेरविचारात तो पहिल्या गटात गेला. शिस्टोसोमा जापोनिकमवर 'शक्यता आहे' एवढाच शेरा आहे आणि शिस्टोसोमा मॅन्सोनाय या भावंडाबद्दल पुरावाच अपुरा ठरला.

या गटांचा अर्थ लावताना हमखास एक गफलत होते. गट सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा. धोका किती मोठा आहे हे त्यावरून कळत नाही. पहिल्या गटातला कृमी अंगात असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही, तसाच विड्या ओढणाऱ्या प्रत्येकालाही होत नाही.

आपल्याकडे पोरांच्या पोटात निघतात ते जंत, अंकुशकृमी, सुतासारखे बारीक कृमी यांपैकी एकही या यादीत नाही. हत्तीरोगाचा कृमीही नाही. यादीतले तिन्ही कृमी चपट्या कृमींच्या कुळातले. पोटातले नेहमीचे जंत गोल. दोन्ही कुळं एकमेकांपासून फार लांबची. औषधंही वेगळी. शाळेत मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी, आणि शिस्टोसोमावर चालतं ते प्राझिक्वांटेल. जंताची गोळी द्यायची ती रक्तक्षय, खुंटलेली वाढ आणि पोटदुखी यांसाठी. तेवढं कारण पुरेसं आहे. त्याला कर्करोगाची भीती जोडायची गरज नाही.

आकड्यांचं प्रमाणही ध्यानात असू द्यावं. २०१८ साली जगात जंतुसंसर्गामुळे झालेले कर्करोग सुमारे २२ लाख, म्हणजे एकूण नव्या रुग्णांच्या १३ टक्के, असा अंदाज आहे. त्यातला सिंहाचा वाटा जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा, एचपीव्ही या विषाणूचा आणि हिपॅटायटिस बी व सी यांचा. कृमींच्या वाट्याला येतात ते काही हजार. पण हे काही हजार जगभर विखुरलेले नाहीत. ते ठरावीक नद्यांच्या काठी आणि ठरावीक गावांत गोळा झालेले आहेत, म्हणूनच या विषयाला नकाशा लागतो.

कैरो ते कोपनहेगन

थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ मध्ये कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना हा कृमी सापडला. त्याच्या नावावरून रोगाला बिलहार्झिया म्हणू लागले. लघवीतून रक्त जाणं ही नाईलकाठच्या शेतकऱ्यांत इतकी सर्रास गोष्ट होती की त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नसे. कैरोतच ए. आर. फर्ग्युसन या विकृतिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये मूत्राशयाचे कर्करोग तपासून त्यांचा बिलहार्झियाशी संबंध जोडला. त्याआधीही गोबेल या डॉक्टरने इजिप्तमध्ये असंच काही नोंदवलं होतं. निरीक्षण साधं होतं: जिथे अंडी, तिथे गाठ, आणि ही गाठ युरोपात दिसणाऱ्या मूत्राशयाच्या गाठींपेक्षा वेगळ्या जातीची.

याच सुमारास कोपनहेगनमध्ये योहानेस फिबिगर उंदरांच्या जठरातल्या गाठींमागे लागला होता. साखरेच्या एका कारखान्यातल्या झुरळांमध्ये एक गोलकृमी होता. ती झुरळं उंदरांना खाऊ घातली की जठरात गाठी येत. १९१३ मध्ये त्याने हे मांडलं आणि प्रयोगशाळेत मुद्दाम कर्करोग घडवून दाखवल्याबद्दल १९२६ चं वैद्यकाचं नोबेल त्याला मिळालं. १९२८ च्या जानेवारीत तो वारला. पुढे त्याचा दावा ढासळत गेला. त्याचे उंदीर पाव-पाण्यावर जगत होते. त्यांच्या अंगात अ जीवनसत्त्वाचा दुष्काळ होता. हिचकॉक आणि बेल या संशोधकांनी १९५२ मध्ये तोच कृमी घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा गाठींसारखं जे दिसत होतं ते त्या कमतरतेतून आलं होतं आणि कर्करोग म्हणण्याजोगं त्यात काही नव्हतं, असं निघालं.

योगायोग असा की गिमवीचा निबंध त्याच वर्षीचा. दोन्हींचा आपसांत काही संबंध नाही, पण काळाची हवा कळते. कृमी आणि कर्करोग हे शब्द एका वाक्यात उच्चारले की जाणकारांना फिबिगर आठवावा असा तो काळ होता. कर्करोग संशोधनाला पुढचं नोबेल मिळायला १९६६ उजाडलं, त्यामागे या फजितीचा धाक होता असंही बोललं जातं.

मला वाटतं, फिबिगरची कथा चुकीचा किस्सा म्हणून संपवणं हा त्याच्यावर थोडा अन्याय आहे. कृमी एकटा नसतो, सोबत कुपोषण असतं, आहार असतो, दुसरं एखादं रसायन असतं, हे त्याच्या पिंजऱ्यांनी नकळत दाखवूनच दिलं होतं. आजचा वाद मुख्यतः याच मुद्द्याभोवती आहे.

गिमवी

मुंबईतल्या डॉक्टरांना लघवीत ही अंडी असलेले तुरळक रुग्ण एकोणिसाव्या शतकापासून दिसत होते. बंदराचं शहर, आफ्रिकेतून, अरबस्तानातून माणसं येत-जात असत. त्यामुळे रोग बाहेरून आलेला असं धरून चालणं सोपं होतं. त्याला शास्त्राचा आधारही होता. या कृमीला माणसातून माणसात थेट जाता येत नाही. अंडी लघवीवाटे गोड्या पाण्यात पडायला हवीत, त्यातून निघालेल्या डिंभाला विशिष्ट गोगलगाय मिळायला हवी, तिच्या अंगात वाढ होऊन दुभंगलेल्या शेपटीचे हजारो डिंभ पाण्यात सुटायला हवेत, आणि त्या पाण्यात कुणीतरी पाय घालायला हवेत. कातडीतून आत शिरायला त्यांना काही मिनिटं पुरतात. आफ्रिकेत ही मधली कामगिरी बुलायनस वंशाची गोगलगाय करते. ती भारतात नाही. गोगलगाय नाही तर साखळी नाही.

दुसरीकडे, गुरांमधले शिस्टोसोमा भारतात भरपूर आहेत हे मुंबईच्याच प्रयोगशाळेत दिसून आलं होतं. प्लेगच्या पिसवांवरच्या कामासाठी ओळखला जाणारा ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१८ मध्ये शिस्टोसोमा स्पिंडेल या गुरांच्या कृमीचं जीवनचक्र उलगडून दाखवलं. त्याची गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, आपल्या तळ्यांत आणि भातखाचरांत सहज आढळणारी. हे गुरांचे डिंभ माणसाच्या कातडीत शिरतात पण पुढे जगत नाहीत. लावणीच्या दिवसांत पायांना सुटणाऱ्या खाजेचं तेही एक कारण असू शकतं. एवढ्यावर ती गोष्ट थांबते.

या पार्श्वभूमीवर गाडगीळ-शहांनी गिमवीतून जे मांडलं ते धक्कादायक होतं. तिथली यजमान गोगलगाय त्यांनी शोधली ती फेरिसिया टेन्यूइस. ही गोगलगाय आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. शंखाला वेटोळं नाही. टोपीसारखं पातळ, लंबगोल कवच, तांदळाच्या कणीएवढं. पाण्यात पडलेल्या पानाच्या खालच्या बाजूला किंवा दगडाला चिकटून असते. वरून नुसतं पाहून ती दिसत नाही. पान उलटावं लागतं, तेही उजेडात तिरकं धरून. तोवरच्या शोधांत ती सुटली असेल तर आश्चर्य नाही. १९५५ मध्ये त्यांनी या गोगलगायीला प्रयोगशाळेत लागण करून जीवनचक्र पूर्ण केल्याचं प्रसिद्ध केलं.

इथून मतभेद सुरू होतात. त्यांच्या तीन बाजू आहेत.

पहिली बाजू म्हणते, पुरावा पुरेसा आहे. रुग्ण गावातलेच, अंड्यांच्या टोकाला या जातीची ओळख असलेला काटा, आणि प्रयोगशाळेत पूर्ण झालेली साखळी. याहून जास्त त्या काळी कुणी दाखवू शकत नव्हतं.

दुसरी बाजू कृमीच्या ओळखीवरच बोट ठेवते. व्ही. आर. साउथगेट आणि जबलपूरचे एम. सी. अग्रवाल यांनी १९९० मध्ये 'भारतात मानवी शिस्टोसोमायसिस?' अशा प्रश्नचिन्हासकटच्या मथळ्याचा लेख लिहिला. बुलायनसऐवजी फेरिसियात वाढणारा कृमी खरोखर हिमॅटोबियमच आहे, की गुरांच्या कृमींचं एखादं अनोळखी भावंड माणसाकडे वळलं, हा त्यांचा रोख. अंड्याच्या आकारावरून जात ठरवणं किती फसवं असतं हे आता आपल्याला कळतं. २०१३-१४ मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहलेल्या लोकांना हाच रोग झाला. जनुकं तपासली तेव्हा तो हिमॅटोबियम आणि गुरांचा शिस्टोसोमा बोव्हिस यांचा संकर निघाला. माणसाचा आणि गुरांचा कृमी एकमेकांत मिसळू शकतात, हे गिमवीकडे पुन्हा पाहायला लावणारं आहे.

तिसरी बाजू मधली: रोग बाहेरून आला, फौजेतून किंवा आफ्रिकेतून परतलेल्या कुणाबरोबर, आणि एका गावात योगायोगाने रुजला. कोकणातून पलटणीत गेलेल्यांची परंपरा पाहता हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी पुढे गिमवीचा पुन्हा अभ्यास केला. तो १९८१ मध्ये छापून आला. तोवर लागण ओसरलेली होती.

मग गिमवीत मूत्राशयाचा कर्करोग वाढला होता का? हे सांगायला आकडा लागतो, आणि आकडा नोंदवही असल्याशिवाय मिळत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी बार्शीला, १९८७ मध्ये. गिमवीतली लागण जोरात होती त्या काळात रत्नागिरीच्या खेड्यात कोण कशाने गेलं याची वैद्यकीय नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय असा त्रास दवाखान्यापर्यंत जातोच असं नाही: लघवीला जळजळ झाली की आजही आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो, धण्या-वाळ्याचं पाणी पितो.

नोंदवही असती तरी काय दिसलं असतं, याचा एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर्षाला लाख पुरुषांमागे मूत्राशयाचे पाच कर्करोग धरू. हजार वस्तीच्या गावात पुरुष पाचशे. म्हणजे चाळीस वर्षांत एक रुग्ण. कृमीमुळे धोका पाचपट झाला असं मानलं तरी चाळीस वर्षांत पाच. त्यातले दोघे मुंबईला मुलाकडे जाऊन वारणार, एकाचं निदानच होणार नाही. उरलेल्या दोघांवरून कुणी काही सिद्ध करू शकणार नाही. गिमवीत कृमी होता म्हणून कर्करोग होताच असं म्हणता येत नाही, आणि कर्करोग दिसला नाही म्हणून धोका नव्हता असंही नाही. दोन्ही विधानं छापून आलेली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आत काय घडतं

नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं राहते. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. नराच्या अंगाला पन्हळ असते, तीत मादी कायम धरलेली. मादी रोज शेकड्याच्या हिशेबात अंडी घालते. त्यांतली काही मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत पडतात. दुपारच्या सुमारास, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ती जास्त पडतात, म्हणून तपासणीसाठी लघवी त्या वेळची आणि शक्यतो शेवटच्या थेंबांसकट घेतात. खरा उपद्रव बाहेर न पडलेल्या अंड्यांचा. ती भिंतीत अडकतात, शरीर त्यांना पेशींचा गराडा घालतं, तिथे कठीण गाठी होतात, चुना साठतो. मूत्राशय आतून पाहिलं तर वाळू पसरल्यासारखे चट्टे दिसतात.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. यापुढच्या पायरीवर तीन मतं आहेत.

सर्वांत जुनं मत दाह आणि डागडुजीचं. भिंत सतत जखमी होते, सतत भरून येते. पेशी जितक्या वेळा दुभागतील तितकी जनुकांत चूक होण्याची संधी. दाहातल्या पेशी सोडतात ती तिखट ऑक्सिजन-संयुगं जनुकांना थेट इजा करतात. हळूहळू मूत्राशयाचं नेहमीचं अस्तर बदलून तिथे कातडीसारख्या चपट्या पेशी येतात. बिलहार्झियातला कर्करोग बहुधा या चपट्या पेशींचाच असतो. तंबाखूमुळे होणारा मूत्राशयाचा कर्करोग मूळ अस्तराच्या पेशींचा. इजिप्तमधल्या डॉक्टरांना जे वेगळेपण दिसलं होतं ते हेच.

दुसरं मत साथीदारांचं. अडलेल्या लघवीत जिवाणू वाढतात, ते नायट्रेटपासून नायट्राइट करतात, आणि त्यातून नायट्रोसामाइन ही कर्करोगजनक संयुगं तयार होतात. या मताला सर्वांत जोरदार आधार यकृतकृमीवरच्या प्रयोगातून मिळाला. थायलंडमधल्या संशोधकांनी १९७८ मध्ये हॅमस्टरांना एकीकडे नुसता कृमी दिला, दुसरीकडे नुसतं थोडं डायमिथाइलनायट्रोसामाइन दिलं. पित्तनलिकेचा कर्करोग झाला तो दोन्ही एकत्र दिलेल्यांना. नायट्रोसामाइन असलेले आंबवलेले मासे ईशान्य थायलंडच्या रोजच्या ताटात असतात, ही या प्रयोगाची पूर्वपीठिका.

तिसरं मत अलीकडचं: कृमी स्वतःच रसायनं सोडतो आणि ती पेशींना वाढायला लावतात. थायलंडच्या यकृतकृमीतलं ग्रॅन्युलिन नावाचं प्रथिन माणसाच्या पेशींची वाढ भडकवतं असं २००९ मध्ये दाखवलं गेलं. कृमीच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे: आपण कुरतडलेली जखम भरली तर यजमान टिकतो. शिस्टोसोमाच्या अंड्यांतून इस्ट्रोजेनसारखी संयुगं निघतात, ती जनुकांना चिकटतात, असंही काम आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे पहिलं मत कणा आहे. कृमी असलेल्या शंभरांतल्या फार थोड्यांनाच कर्करोग का होतो, याचं समाधानकारक उत्तर दुसऱ्या मताजवळ आहे. तिसरं मत चित्तवेधक, पण अजून बरंचसं काचेच्या बशीत आणि प्राण्यांत. तिघे एकमेकांना खोडत नाहीत. वाद आहे तो कुणाचा वाटा किती यावर.

उलट दिशेचं एक म्हणणंही आहे. पुष्कळ कृमी यजमानाची प्रतिकारशक्ती थंडावतात, दाह कमी करतात. मग काही कृमी गाठींपासून वाचवत असतील का? उंदरांवरचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत.

आणि या सगळ्याबाहेरची एक नोंद. कोलंबियातल्या एका एचआयव्हीग्रस्त माणसाच्या फुप्फुसांत आणि लसिका ग्रंथींत गाठी आढळल्या. त्यांतल्या पेशी माणसाच्या नव्हत्याच. त्याच्या आतड्यातल्या हायमेनोलेपिस नाना या बुटक्या पट्टकृमीच्या पेशी स्वतः बेफाम होऊन त्याच्या शरीरात पसरल्या होत्या. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण तो कृमीचाच कर्करोग. कृमीने घडवलेला नव्हे.

कच्चा मासा

मांडवीच्या जेटीवर या विषयाचा उल्लेख झाला की माशांचा प्रश्न येतोच, म्हणून थोडं त्याबद्दल. यकृतकृमीची साखळी गोड्या पाण्यातली आहे: गोगलगाय, तिथून कार्प कुळातले मासे, तिथून ते मासे कच्चे खाणारा माणूस, मांजर किंवा कुत्रा. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशाचा 'कोई प्ला' हा आवडीचा पदार्थ. तिथल्या खोन केन प्रांतात पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलं आहे. लिंबू पिळल्याने, मसाला लावल्याने मासा शिजल्यासारखा दिसतो. कृमी त्याने मरत नाहीत.

आपला बांगडा, सुरमई, बोंबील समुद्रातले. हे कृमी त्यांत नसतात. पहिल्या पावसात पऱ्यांतून वर येणारे चढणीचे मासे गोड्या पाण्यातले खरे, पण त्यांची आमटी होते, तळून खातात. उकळत्या आमटीत कृमी टिकत नाही. या कृमीपुरतं कोकणी ताट निर्धोक आहे.

कृमीमुळे झालेल्या आणि कृमीविना झालेल्या पित्तनलिकेच्या गाठींच्या जनुकांची तुलना गेल्या दशकात झाली. दोन्हींतल्या बिघाडांचा नमुना वेगळा निघाला. एकाच अवयवाचा, एकाच नावाचा कर्करोग, पण वाट निराळी. कृमी कारण आहे या म्हणण्याला यामुळे वजन आलं.

औषधाने काय साधलं

कारण काढलं की परिणाम कमी व्हायला हवा. इजिप्तने हा प्रयोग, प्रयोग म्हणून नव्हे पण प्रत्यक्षात, देशपातळीवर केला. प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी बिलहार्झिया आटोक्यात आला. १९८० च्या सुमारास तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगांत चपट्या पेशींचे बहुसंख्य होते. २००५ पर्यंत चित्र उलटलं आणि मूळ अस्तराच्या पेशींचे कर्करोग पुढे गेले. कृमीविरोधी मोहिमेचं यश म्हणून हे दाखवतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं असावं. पण त्याच काळात सिगारेटही वाढली होती. एका जातीचं प्रमाण घटलं, यात कृमी किती आणि दुसरी जात वाढल्याने बदललेली टक्केवारी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

इजिप्तच्या गोष्टीला काळी किनार आहे. गोळ्या येण्याआधी, १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत, तिथे टार्टार इमेटिक या औषधाची इंजेक्शनं गावोगाव दिली जात. सुया पुरेशा उकळल्या जात नसत. हिपॅटायटिस सी तिथे इतका पसरला त्यामागे ही मोहीम होती, असं २००० मध्ये साधार मांडलं गेलं. मूत्राशयाचा कर्करोग टाळू पाहणाऱ्या उपचारातून यकृताच्या कर्करोगाची बीजं पेरली गेली. या विषयात कार्यकारणाच्या धाग्यांचा किती गुंता होऊ शकतो, याचं याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाही.

थायलंडमध्ये वेगळाच पेच आहे. औषध घेतलं की कृमी जातो, पण कच्चा मासा सुटत नाही; पुन्हा लागण, पुन्हा औषध. वारंवार प्राझिक्वांटेल घेतलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. एक बाजू म्हणते, कृमी मरताना सुटणाऱ्या द्रव्यांनी दाह उसळतो. दुसरी म्हणते, वारंवार औषध घेणारा म्हणजेच वारंवार कच्चा मासा खाणारा, त्यात औषधाचा दोष काय? दुसरं म्हणणं मला अधिक पटतं. मात्र हॅमस्टरांत औषधानंतर पुन्हा लागण झाली की दाह वाढलेला दिसतो, त्यामुळे पहिलं म्हणणं निकालात काढता येत नाही.

उरलेले प्रश्न

आज जगात २५ कोटींहून अधिक लोकांना शिस्टोसोमावरच्या प्रतिबंधक औषधाची गरज आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; त्यांतले नव्वद टक्क्यांच्या आसपास आफ्रिकेत. त्यांच्यापुढचा सर्वांत तातडीचा प्रश्न बायकांचा आहे. हिमॅटोबियमची अंडी गर्भाशयमुखातही अडकतात. तिथे आधीच एचपीव्ही असेल तर कृमीमुळे विषाणू टिकून राहतो का, कर्करोग लवकर होतो का? काही अभ्यास हो म्हणतात, पण एकमत होण्याइतका पुरावा गोळा झालेला नाही. कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत या कृमीपुढे मूत्राशयच भक्कमपणे लिहिलेलं आहे.

दुसरा प्रश्न मात्रेचा. किती अंडी, किती वर्षं, कोणत्या वयापासून, म्हणजे धोका सुरू होतो? लहानपणी एकदा उपचार झाले तर पन्नाशीतला धोका पुसला जातो की कमी होतो? याला दीर्घकाळ माणसांचा माग ठेवणारे अभ्यास लागतात, आणि ते ज्या देशांत हवेत तिथे नोंदवह्या तोकड्या आहेत.

गिमवीबाबत प्रश्न कृमीच्या ओळखीचाच आहे आणि त्याचं उत्तर मिळवायची साधनं आता आहेत. पाण्याच्या एका बाटलीत विरघळलेल्या जनुकद्रव्यावरून त्या पाण्यात कोणत्या कृमीचे डिंभ आहेत हे ओळखता येतं. फेरिसिया टेन्यूइस भारतात लोप पावलेली नाही. पानांखालून ती गोळा करून तिच्यातले डिंभ तपासले, जवळच्या गुरांच्या शेणातली अंडी तपासली, आणि दोन्हींची जनुकं आफ्रिकेतल्या नमुन्यांशी ताडून पाहिली, तर साउथगेट-अग्रवाल यांच्या मथळ्यातलं प्रश्नचिन्ह काढता येईल किंवा पक्कं करता येईल. डिंभ सापडले नाहीत तर तीही नोंदच.

तोवर दवाखान्यापुरतं एवढं. रत्नागिरीत पन्नाशीपुढच्या माणसाच्या लघवीतून वेदनेशिवाय रक्त गेलं तर आधी तंबाखू, विडी, मिश्री आठवावी आणि दुर्बीण घालून मूत्राशय तपासावं. कृमीचा क्रम फार खाली. पण तोच रुग्ण टांझानियात किंवा मलावीत नोकरीला होता, तिथल्या तळ्यात पोहला होता असं निघालं, तर दुपारची लघवी प्रयोगशाळेत पाठवताना चिठ्ठीवर 'शिस्टोसोमाची अंडी पाहावीत' असं स्वच्छ लिहावं. लिहिलं नाही तर ती कुणी शोधत नाही.